टुर्मलीनचा खडा घेताय? सोलापुरात बघायचा कसा, तपासायचा कसा, जडवायचा कसा

दिवाळीच्या आधी हा प्रश्न हमखास येतो, की ऑक्टोबरचा जन्म आहे, त्या महिन्याचा खडा म्हणून टुर्मलीनची अंगठी करून घेतली, आता खरेपणाचा लॅब रिपोर्ट कुठे काढू? इथेच क्रम चुकलेला असतो. अंगठीत बसलेल्या खड्याचा रिपोर्ट निघतो, पण तो अर्धामुर्धा. लॅबला खड्याचं वजन नीट करता येत नाही, मागची बाजू कोंदणात झाकलेली असते, आणि खाली चमकदार पत्री लावली असेल तर रंग खड्याचा की पत्रीचा हेही धड कळत नाही. म्हणून या सगळ्या लेखात एकच गोष्ट धरून चाला, खडा सुटा असेपर्यंत सगळी तपासणी उरकायची आणि कारागिराच्या हातात तो सगळ्यात शेवटी द्यायचा.

बाजारात तुरमली असंही म्हणतात, तेव्हा सराफाने तुरमली म्हटलं तरी वस्तू तीच.

निघण्याआधी पिशवीत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग (लूप म्हणून मागा, ऑनलाइन स्वस्तात मिळतं), मोबाईल, एक कोरा पांढरा कागद, पेपरचा एक तुकडा आणि लिहायला वही. बस. दुकानात भिंग काढलं म्हणून कुणी रागवत नाही, चांगला सराफ तर उलट खूश होतो, आणि जो भिंग बघून नाराज होतो त्याच्याकडे खडा घ्यायचाच कशाला.

## 1. आधी ठरवा, महिन्यासाठी घालताय की पत्रिकेसाठी

हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि लोक ते एकत्र करतात. जन्ममहिन्याच्या खड्यांची यादी इंग्रजी महिन्यावर चालते, तिच्यात ऑक्टोबरला ओपल आणि टुर्मलीन असे दोन खडे आहेत, आणि टुर्मलीनचा कुठलाही रंग चालतो. पत्रिका बघणारे लग्नस्थान, रास, ग्रह बघून सांगतात, त्यात हिरवं टुर्मलीन पाचूचं उपरत्न म्हणून आणि लाल-गुलाबी माणकाच्या जागी सुचवलं जातं. म्हणजे ऑक्टोबरचा जन्म आहे एवढ्यावरून पत्रिकेचा खडा ठरत नाही, आणि पत्रिकेत हिरवा सांगितला असेल तर गुलाबी घेऊन चालणार नाही.

महिन्यासाठी किंवा नुसतं आवडतं म्हणून घेणार असाल तर ही पायरी इथेच संपली, पुढे चला. पत्रिकेसाठी असेल तर गुरुजींकडून तीन गोष्टी लिहून घ्या: रंग कुठला, वजन किती, आणि खडा खालून उघडा हवा का.

वजनाचं जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. रत्ती म्हटलं की दोन मापं चालतात, एक साधारण 0.12 ग्रॅमची आणि दुसरी साधारण 0.18 ग्रॅमची. गुरुजींनी 5 रत्ती सांगितलं तर पहिल्या हिशोबाने ते 0.6 ग्रॅम म्हणजे 3 कॅरेट होतं, आणि दुसऱ्या हिशोबाने 0.9 ग्रॅम म्हणजे साडेचार कॅरेट. एकाच शब्दात दीड कॅरेटचा फरक! 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम हे जगभर पक्कं आहे, म्हणून गुरुजींनाच विचारा की ग्रॅममधे किंवा कॅरेटमधे किती, आणि दुकानात फक्त कॅरेट बोला.

> तपासून बघा: वहीत रंग, कॅरेट आणि बजेट या तीन ओळी लिहिल्यात का? नसतील तर अजून दुकानात जाऊ नका.

## 2. दागिना आधी, खडा नंतर

उलटं करतात लोक. खडा आवडला, घेतला, मग कळतं की एवढा उंच खडा अंगठीत बोटावर टोचतोय. टुर्मलीनची कठीणता मोह्सच्या 1 ते 10 च्या मापावर 7 ते 7.5 आहे. नीलम आणि माणिक 9 वर असतात. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळू असते, ती वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कठीणता 7. सोलापूरची धूळ काय सांगायची, मार्च ते जून खिडकीच्या चौकटीवर रोज थर बसतो. ती धूळ कोरड्या कापडाने खड्यावर घासली की पैलूंच्या कडा हळूहळू बोथट होतात आणि काही वर्षांत खडा मळकट दिसायला लागतो.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: टुर्मलीनला कानातलं आणि पेंडंट सगळ्यात चांगलं. अंगठीच हवी असेल तर तीही होते, पण मग कोंदणात बसवलेली, खडा फार वर न आलेला, आणि कामाच्या वेळी काढून ठेवायची सवय हवी. भाकरी थापताना तर नक्कीच काढायची, ज्वारीचं पीठ खड्याखाली जाऊन घट्ट बसतं, वरून तव्याची धग. गाडीचं हँडल धरणारा हात, लूमवर काम करणारा हात, भांडी घासणारा हात, या हातात नख्यांची (खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या बारीक टोकांची) उंच अंगठी टिकत नाही.

मापाचा अंदाज असावा म्हणून सांगतो, 8 बाय 6 मिलिमीटरचा ओव्हल टुर्मलीन साधारण सव्वा कॅरेटच्या आसपास जातो, कट खोल असेल तर जास्त. माणिक वजनाला जड असतं म्हणून त्याच वजनाचं माणिक दिसायला लहान दिसतं. तेव्हा माणकाच्या अंगठीवरून टुर्मलीनच्या साईजचा अंदाज बांधू नका, मिलिमीटर विचारा.

## 3. रंग बघणं, घाई इथे करायची नाही

हिरवं, गुलाबी, लाल, निळं, पिवळं, तपकिरी, काळं, एका खड्यात दोन रंग, आत गुलाबी बाहेर हिरवं असं कलिंगडासारखं, हे सगळं टुर्मलीनच. नावं ऐकायला मिळतील ती अशी: लाल ते गडद गुलाबीला रुबेलाईट, निळ्याला इंडिकोलाईट, काळ्याला शॉर्ल. टांझानिया-केनियाकडचं झगझगीत हिरवं क्रोम टुर्मलीन म्हणून विकतात. आणि पाराईबा, म्हणजे तांब्यामुळे निऑनसारखा निळा-हिरवा झालेला खडा, पहिल्यांदा ब्राझीलमधे सापडला, नंतर नायजेरिया आणि मोझांबिकमधेही मिळाला.

> थांबा: कुठल्याही आकाशी-हिरव्या खड्याला पाराईबा म्हणून विकायला काढतात. खड्यात तांबं आहे असं लॅबने लिहून दिलं तरच पाराईबाचा भाव द्यायचा, नाहीतर तो साधा निळा-हिरवा टुर्मलीन समजून भाव करा. खरा पाराईबा या कुटुंबातला सगळ्यात महागड्यांपैकी आहे, तो स्वस्तात कुणी काढून देत नाही.

आता बघायचं कसं. मधला मारुती, सराफ बाजाराच्या बाजूला दुकानं आतून लांबट आहेत, आत पिवळे-पांढरे दिवे नेमके काउंटरवर सोडलेले असतात, त्या उजेडात प्रत्येक खडा सुंदरच दिसतो. खडा घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत या, सकाळी दहा-अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचच्या सुमाराला, थेट उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. दुपारच्या कडक उन्हात गडद खडाही उजळ भासतो आणि घरी आणल्यावर काळा पडल्यासारखा वाटतो. पांढऱ्या कागदावर ठेवा, एक हात लांब धरून बघा, मग आत नेऊन पिवळ्या दिव्याखाली बघा. गडद हिरवं आणि गडद निळं यांची परीक्षा संध्याकाळच्या मंद उजेडात होते, तिथे जर नुसता काळा ठिपका दिसला तर लग्नाच्या हॉलमधेही तो काळाच दिसणार आहे. लाल रुबेलाईट असेल तर दिव्याखाली त्यात तपकिरी झाक येते का बघा, चांगला रुबेलाईट दोन्ही उजेडात लालच राहतो.

दुसरी गोष्ट फार उपयोगाची आहे. टुर्मलीन एका दिशेने बघितला की एक छटा दिसते आणि दुसऱ्या दिशेने बघितला की वेगळी, जास्त गडद किंवा जास्त फिकट. खडा चिमटीत धरून लांबीच्या टोकाकडून बघा, मग आडवा करून बघा. हिरव्यात तर एका टोकाकडून जवळजवळ काळा दिसू शकतो. हा दोष नाही, खड्याचा स्वभाव आहे, आणि कारागीर हुशार असेल तर त्याने वरून चांगली छटा येईल असाच कापलेला असतो. काच मात्र सगळीकडून एकसारखी दिसते. तरी एवढ्यावरच खरा ठरवू नका कारण माणिक, नीलम यांच्यातही दिशेनुसार छटा बदलते.

## 4. भिंगाखाली पाच मिनिटं

(अ) पेपरच्या अक्षरांवर खडा तोंड वर करून ठेवा. मधोमध अक्षरं आरपार वाचता आली तर कट उथळ आहे, मधे खिडकी आहे, म्हणजे उजेड परत वर न येता खालून निघून जातोय. अशा खड्याचा भाव कमी व्हायला पाहिजे. कधीकधी वजन वाढवायला पोट जाड ठेवतात, ते बाजूने बघितलं की कळतं, तुम्ही पैसे त्या पोटाचे देता आणि ते कोंदणात लपतं.

(ब) भिंगातून वरच्या सपाट पैलूमधून आत बघा आणि तळाच्या पैलूंच्या कडा शोधा. टुर्मलीनमधे कडा दुहेरी दिसतात, एका रेघेच्या शेजारी दुसरी रेघ. खडा थोडा थोडा फिरवत तीन-चार दिशांनी बघा कारण एका ठराविक दिशेने हे दिसत नाही. दोन कॅरेटच्या पुढच्या खड्यात सहज दिसतं, लहान खड्यात डोळे ताणावे लागतात. काचेत आणि स्पिनेल नावाच्या दुसऱ्या खड्यात रेघ एकच. कृत्रिम टुर्मलीन म्हणून जे खपवतात ते बहुतेक वेळा काच नाहीतर कृत्रिम स्पिनेल असतं, त्यामुळे ही एक खूण खूप खोटे खडे बाजूला काढते.

(क) आत काय आहे ते बघा. बारीक केसांसारख्या वेड्यावाकड्या रेषा, लांब नळ्या, हे टुर्मलीनमधे नेहमीचं. गोल गोल बुडबुडे दिसले तर काच. हिरव्या टुर्मलीनमधे साध्या डोळ्याला स्वच्छ खडे बऱ्यापैकी मिळतात, म्हणून हिरव्यात डाग सोसायचे नाहीत. लाल आणि कलिंगडी खड्यात आत काहीतरी असतंच, तिथे एकदम काचेसारखा स्वच्छ आणि मोठा आणि वर स्वस्त असं तिन्ही जुळून आलं तर संशय घ्या.

(ड) पृष्ठभागावर येणाऱ्या भेगा. खडा तिरका धरून उजेड त्याच्यावरून घसरू द्या, भेग वरपर्यंत आली असेल तर केसासारखी रेघ दिसेल. कडेवरची भेग सगळ्यात वाईट, नखी दाबताना तिथूनच तुकडा उडतो. अशा भेगा राळेने किंवा तेलाने भरून लपवतात, विशेषतः रुबेलाईट आणि पाराईबामधे. भरलेला खडा घ्यायचाच नाही असं नाही, पण भाव वेगळा आणि काळजी वेगळी, म्हणून माहीत हवं.

नाडीपरीक्षेसारखं ज्ञान एका दिवसात येत नाही, भिंगाचंही तसंच, पाच-सात खडे शेजारी ठेवून बघितले की फरक कळायला लागतो. सराफाला सांगा की एक काचेचा आणि एक खरा शेजारी दाखवा.

> थांबा: गरम सुईने टोचणे, दाताने चावणे, दुधात टाकून रंग बघणे, खड्याने काचेवर ओरखडा काढणे, यातलं काहीही करू नका. खरं-खोटं यातून ठरत नाही आणि खडा मात्र खराब होतो.

## 5. लॅब रिपोर्ट, सुट्या खड्याचाच

हजार-दोन हजाराच्या खड्याला रिपोर्टचा खर्च परवडत नाही, तिथे भिंग आणि सराफाचा शब्द यावर चालायचं. रक्कम मोठी असेल तर मात्र रिपोर्टशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. सरळ पद्धत म्हणजे थोडा ॲडव्हान्स देऊन बिलावर लिहून घ्यायचं की रिपोर्टमधे नैसर्गिक टुर्मलीन आलं नाही तर पैसे परत. सराफ मंडळी खडे पुण्या-मुंबईला पाठवतातच. स्वतः जायचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, झवेरी बाजार तिथून जवळ. मुंबईत जीआयए आणि आयजीआय या रत्नं तपासणाऱ्या दोन्ही लॅबचं काम चालतं. रंगीत खड्याचं काम तिथे होतं का, वेळ आणि फी किती, हे आधी फोनवर विचारून जा.

रिपोर्ट हातात आल्यावर वाचायचा असा:

- प्रकार टुर्मलीन आणि नैसर्गिक असं स्पष्ट लिहिलंय का.
- वजन कॅरेटमधे, दोन दशांशापर्यंत. सराफाच्या काट्यावर तोच खडा ठेवून आकडा जुळवा.
- लांबी, रुंदी, खोली मिलिमीटरमधे. हीसुद्धा जुळवा.
- शेऱ्याच्या रकान्यात राळ, तेल किंवा भेगा भरल्याचा उल्लेख आहे का. लोक नेमका हाच रकाना सोडतात.
- रिपोर्ट नंबर लॅबच्या वेबसाईटवर टाकून बघा, तोच खडा दिसला पाहिजे.

एक गोष्ट समजून घ्या. गुलाबी आणि लाल टुर्मलीनचा रंग कधीकधी किरणोत्सर्गाने गडद केलेला असतो आणि ते लॅबलाही ओळखता येत नाही, उष्णता दिलेलीही बहुतेक वेळा कळत नाही. त्यामुळे शेऱ्यात काही लिहिलं नाही म्हणजे खड्यावर काहीच केलं नाही असा अर्थ काढू नका. असा रंग तीव्र उजेडात किंवा उष्णतेत फिकट होऊ शकतो. दुकानाने स्वतः छापलेलं खरेपणाचं कार्ड म्हणजे लॅब रिपोर्ट नव्हे, हेही लक्षात असू द्या.

## 6. बिल

हे थोडक्यात पण महत्त्वाचं. खड्याचा भाव पर कॅरेट विचारा, आख्ख्या खड्याचा नाही. समजा 4,000 रुपये कॅरेट आणि खडा 2.40 कॅरेट, तर 9,600. मोठ्या खड्याचा पर कॅरेट भावही चढा असतो, म्हणून लहान खड्याच्या भावाने मोठ्याचा हिशोब करून भांडू नका.

दागिन्याच्या बिलात एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोनं हे तीन आकडे वेगळे हवेत. अडीच कॅरेटचा खडा म्हणजे अर्धा ग्रॅम, तो वजा केला नाही तर अर्धा ग्रॅम खडा तुम्ही सोन्याच्या भावाने घेतलात. शिवाय मोडायला नेल्यावर सराफ सोन्याचेच पैसे देतो, खड्याचे सहसा देत नाही किंवा फारच कमी देतो, तेव्हा हे आकडे कामाला येतात. मजुरी वेगळी लिहून घ्या, दागिन्यावर 3 टक्के जीएसटी. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, बीआयएस केअर ॲपमधे टाकून बघा. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे बारीक टॉप्सवर तो नसला तर घाबरू नका.

बिलावर नैसर्गिक टुर्मलीन हे शब्द हवेत. नुसतं पिंक स्टोन किंवा खडा असं लिहिलेलं बिल उद्या काहीच सिद्ध करत नाही.

## 7. जडवणं, खडे फुटतात ते इथेच

सोन्यात आपल्याला 22 कॅरेटची सवय आहे. पण ते मऊ असतं, नख्या सैल होतात, म्हणून नख्यांची डिझाईन असेल तर 18 कॅरेट, म्हणजे 750 चं सोनं घ्या. 22 च हवं असेल तर सगळीकडून बंद कोंदण करा. चांदीत 925 चालतं, पेंडंटला छान.

कारागिराकडे देण्याआधी खड्याचा भिंगातून फोटो काढा, मोबाईलचा कॅमेरा भिंगाला लावला की येतो. आतली एखादी ओळखीची रेष, नळी, डाग त्यात दिसला पाहिजे. पावतीवर वजन आणि मिलिमीटर लिहून घ्या. यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही, कारागिरालाही ते सोयीचं, दहा गिऱ्हाइकांचे खडे एका डबीत असतात.

सांगायच्या गोष्टी, अगदी याच क्रमाने:

1. बोटाचं माप आधी पक्कं. उन्हाळ्यात दुपारी बोटं सुजल्यासारखी असतात आणि हिवाळ्यात पहाटे बारीक, म्हणून संध्याकाळी, शांत बसल्यावर माप द्या, आणि बोटाच्या सांध्यावरून रिंग जाते का तेही बघा.
2. अंगठी पूर्ण तयार, झाळकाम (सोन्याचे सांधे जोडणं) झालेलं, तेजाबात धुऊन पॉलिश झालेलं, आणि मग शेवटी खडा. खडा बसल्यावर टॉर्चची आच लावायची नाही. एकदम गरम-थंड झालं की टुर्मलीन तडकतो, आणि राळ भरलेला असेल तर राळ जळते.
3. मागून उघडं ठेवा. पत्रिकेसाठी घालणाऱ्यांना ते हवंच असतं, आणि बाकीच्यांना साफ करायला सोपं.
4. खाली पत्री लावू नका, असं स्पष्ट सांगा.

> थांबा: खडे पहिल्या जडवणीतच फुटतात असं नाही, नंतर अंगठी घट्ट झाली म्हणून माप वाढवतानाही फुटतात. पाच मिनिटांचं काम आहे म्हणून खडा न काढताच आच देतात. तुम्ही उभे असाल तर थांबवा, खडा काढायची मजुरी द्या, पण काढूनच काम करून घ्या.

## 8. ताब्यात घेताना

जडवायला देताना काढलेला फोटो समोर ठेवा आणि भिंगातून तीच रेष, तोच डाग आहे का बघा. कडेला नवीन टवका आहे का बघा, नखीच्या बाजूला जास्त शक्यता. कानाजवळ धरून हलवा, बारीक टकटक आली तर बसवणी सैल आहे. जुन्या चादरीवरून किंवा सुती कापडावरून अलगद फिरवा, धागा अडकला तर नखीचं टोक घासून गोल करायला तिथल्या तिथे सांगा. हे सगळं दुकानातच, घरी आल्यावर नाही.

## 9. रोजची निगा

कोमट पाणी, साधा साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश, मागून-पुढून हलकं, मग मऊ कापडाने लगेच कोरडं. बोअरचं पाणी तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात, म्हणून पुसायचंच. आधी धूळ पाण्याने वाहून जाऊ द्या आणि मग ब्रश लावा, कोरडं घासू नका. टुर्मलीन गरम झाला की त्यावर वीज साठते आणि तो धूळ ओढतो, त्यामुळे दिव्याजवळच्या शोकेसमधे किंवा उन्हात तो इतर खड्यांपेक्षा लवकर मळतो.

सराफाकडे पॉलिशला दिलं की तो सवयीने मशीनमधे टाकतो किंवा वाफ मारतो. अल्ट्रासोनिक मशीन आणि स्टीम दोन्हीला नाही म्हणा. रिठ्याच्या पाण्यात दागिने उकळायची आपल्याकडची जुनी पद्धत नुसत्या सोन्याला ठीक, खड्याच्या दागिन्याला नाही, कोमट रिठ्यात बुडवून लगेच काढलं तर चालतं.

एप्रिल-मे मधे पारा 42-43 वर असतो तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत अंगठी ठेवून जाऊ नका, आणि उन्हातून येऊन तापलेला हात थेट माठाच्या किंवा फ्रिजच्या पाण्याखाली धरू नका. ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या कापडी पिशवीत, नीलम-माणिक-हिऱ्याच्या शेजारी टुर्मलीन ठेवला तर ओरखडे त्यालाच पडणार. सेंट, हेअर स्प्रे, ॲसिटोन हे आधी, दागिना नंतर.

वर्षातून एकदा नख्या तपासून घ्या, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी किंवा घरातलं लग्न ठरलं की लगेच, कारण लग्नसराईत कारागिराला हात मोकळा नसतो. मधेच खडा हलतोय असं जाणवलं तर घरी चिमट्याने नखी दाबायला जाऊ नका, अंगठी काढा, डबीत कापूस घालून त्यात ठेवा आणि तशीच सराफाकडे न्या.